कुंपणाची उंची आणि यंत्राची लांबी

घरासाठीं एखादी वस्तु घ्यावयाची म्हटली म्हणजे ती किती चांगली आहे याचा विचार आपण पुष्कळ करतों; परंतु ती रोज कोणाच्या हातीं राहणार आहे, हा विचार बहुधा वस्तु घरांत येऊन पडल्यावर सुरू होतो. शिवणयंत्र असो, पिठाची घरगुती चक्की असो, एकत्र कुटुंबांतील वाचकांस हा अनुभव नवीन नसेल. गेल्या वैशाखांत आमच्या घरीं कुंपण कापण्याचें लांब दांड्याचें यंत्र घेण्याचा विषय निघाला. बाजारांत यास 'लाँग रीच हेज ट्रिमर' म्हणतात. नांव यंत्राच्या दांड्याइतकेंच लांब असल्यामुळें घरांतील स्त्रियांनीं त्यास पहिल्याच दिवशीं 'लांबकातर' असें सुटसुटीत नांव दिलें, व तेंच आतां रूढ झालें आहे. खरेदी लहानशीच; परंतु तिच्या निमित्तानें घरांत जो विचारविनिमय झाला, त्यांतून यंत्रापेक्षां कुंपणाविषयीं, आणि कुंपणापेक्षां घरांतील वडील माणसांविषयीं अधिक कळलें. ज्यांच्या दारापुढें हातभर बाग आहे त्यांस त्याचा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

वसईच्या पश्चिमेकडील पट्ट्यांत, म्हणजे आगाशी, निर्मळ, भुईगांव, गास या बाजूस, बागाईत जमिनीस वाडी म्हणतात. आणि कुंपणावांचून वाडी ही कल्पनाच येथें कोणी करीत नाहीं. मध्यें विहीर, भोंवतीं केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा, आणि या सर्वांस कडेनें मेंदी, कोयनेल, जास्वंद, एरंड किंवा शेर यांचा वेढा, ही येथील जुनी मांडणी. तें कुंपण गुरांसाठीं असे. गाईची मान आंत पोंचणार नाहीं इतकें तें उंच झालें कीं त्याचें काम झालें. वाडीवाला वर्षांतून एकदोनदां कोयत्यानें तें छाटी आणि विसरून जाई. पुढें आगगाडीच्या सोयीमुळें वस्ती वाढली. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ च्या १ ऑगस्ट रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला, आणि या सर्व काळांत वाड्यांच्या शेजारीं चार-चार, सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या. गुरें गेलीं व खिडक्या आल्या. कुंपणास आतां गाईची मान अडवावयाची नसून माणसाची नजर अडवावयाची होती; म्हणून तें वाढूं दिलें गेलें. आमचेंही तसेंच वाढलें.

आमच्या घरास तीन बाजूंनीं कुंपण आहे. पूर्वेस, रस्त्याच्या बाजूला, कोयनेल. तें चार फुटांवर राखलेलें. दक्षिणेस नव्वद फूट लांबीची मेंदी. पलीकडे इमारतीचें आवार असल्यामुळें ती नऊ फुटांपर्यंत गेलेली. पश्चिमेस बोळ, बोळाच्या कडेला जुना शेर, आणि त्याच्या डोक्यावरून जाणारी विजेची तार. हीं तिन्ही कुंपणें गेलीं चाळीस वर्षें आमचे वडीलबंधू स्वतःच्या हातानें कापीत आले. दादांचें वय आतां शहात्तर. सकाळचा चहा झाला कीं कातरी, सुतळी व शिडी घेऊन ते बाहेर पडत, आणि सुतळी ताणून कुंपणाचा माथा असा सरळ राखीत कीं येणाऱ्याजाणाऱ्यानें थांबून पाहावें. गेल्या आश्विनांत ओल्या मातींत शिडीचा एक पाय रुतला व ती कलली. मेंदी दाट होती म्हणून दादा तिच्यावर टेकले व खरचटण्यावर निभावलें. त्याच दिवशीं घरांतील सर्वांनीं एकमतानें शिडी माळ्यावर टाकली. दादांनीं हरकत घेतली नाहीं. रात्रीं जेवतांना मात्र इतकेंच म्हणाले, "शिडी काढून घेतलीत, बरें केलेंत. पण कातरीही काढून घेणार असाल, तर मग मला बागेंत खुर्ची टाकून बसवा, म्हणजे झालें."

हें बोलणें सर्वांस लागलें. माळी लावणें अवघड नव्हतें. परंतु प्रश्न कुंपण कापलें जाण्याचा नव्हता. वडील माणसाच्या हातून धोक्याचें काम काढून घेतांना आपण बहुधा धोक्याबरोबर कामही काढून घेतों, आणि मग त्यांच्या प्रकृतीची काळजी करीत बसतों. शिडी नको, पण कातरी हवी, अशी तोड निघण्यासारखी आहे कीं काय, हें पाहावयाचें ठरलें. आणि त्यांतूनच लांबकातरीचा विषय पुढें आला.

अशीं यंत्रें मुख्यत्वें तीन प्रकारचीं मिळतात. पहिलें पेट्रोलवर चालणारें. त्याची शक्ति मोठी, परंतु वजन पांच-सहा किलो किंवा त्याहून अधिक, आवाज कर्कश, आणि पेट्रोलमध्यें ठराविक प्रमाणांत तेल मिसळण्याची उठाठेव. मोठ्या बागांसाठीं व रोजगारी माळ्यांसाठीं तें योग्य होय. दुसरें घरच्या विजेवर चालणारें. तें स्वस्त व तुलनेनें हलकें, परंतु मागें वायर ओढीत न्यावी लागते. आमच्याकडे भाद्रपदापर्यंत गवत ओलें असतें, आणि कापणारें पातें व ओढली जाणारी वायर एकाच हातीं असणें हा जोखमीचा संसार आहे. असें यंत्र घेणाऱ्यानें घरांत वीज गळतांच प्रवाह तोडणारें आर.सी.सी.बी. बसविलेलें आहे याची खात्री करून घ्यावी. तिसरें बॅटरीवर चालणारें; तें किंमतीनें अधिक, एका भरणींत सुमारें अर्धा-पाऊण तास चालणारें, परंतु वायर नाहीं, धूर नाहीं, आणि शेजाऱ्याची दुपारची झोंप मोडत नाहीं. घरगुती बागेस अर्धा तास म्हणजे थोडा नव्हे. हात बॅटरीच्या आधींच थकतात.

हात कां थकतात, हें प्रत्येकानें दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच पाहावें. पाण्यानें भरलेला तांब्या छातीशीं धरून उभें राहावें, आणि मग तोच तांब्या हात लांब करून धरावा. पाणी तेंच, तांब्या तोच. परंतु दुसऱ्या रीतीनें दोन मिनिटेंही धरवत नाहीं. वजन जितकें दूर, तितकें जड, हा तराजूच्या दांडीचा नियम आहे. लांबकातरीचें पातें, आणि पुष्कळ यंत्रांत मोटारही, दांड्याच्या टोकास असते. म्हणून खोक्यावर छापलेला किलोचा आंकडा वाचून भागत नाहीं. तें वजन कोठें आहे हें पाहावें लागतें. ज्या यंत्रांत बॅटरी मागच्या मुठीकडे असते त्यांत ती टोकाच्या वजनास थोडासा तोल देते. खांद्यावरून घेण्याचा पट्टा असेल तर आणखी बरें. आणि दांडा वाजवीपेक्षां एक फूट जरी लांब असला तरी त्या फुटाचें भाडें हात प्रत्येक वेळीं भरीत राहतात.

लांबीच्या आंकड्यांतही एक मौज आहे. जाहिरातींत 'बारा फुटांपर्यंत पोंच' असें लिहिलेलें असलें तरी तें यंत्र बारा फूट लांब नसतें. मध्यम उंचीच्या माणसानें तें वर धरलें असतां पातें जेथवर जाईल ती उंची पुष्कळदां त्यांत धरलेली असते. शिवाय नुसतें पोंचणें आणि सरळ कापणें यांत अंतर आहे. कुंपणाचा माथा कापावयाचा म्हणजे पातें दांड्याशीं काटकोनांत वळवून आडवें धरावें लागतें, व त्याचें टोक डोळ्यांस दिसावें लागतें. जें दिसत नाहीं तें सरळ कापलें जात नाहीं. यास्तव पात्याचें डोकें किती अंशांत वळतें, आणि तें वळविण्यास बोटांना किती जोर पडतो, हें दुकानांतच हातानें करून पाहावें. आमच्या पुतण्यानें यंत्रशास्त्राचा अभ्यास केलेला असल्यामुळें त्यानें एक कोष्टक तयार केलें होतें. परंतु दुकानांत दादांनीं सर्वांत लांब यंत्र हातांत घेतलें, खांद्याच्या उंचीवर आडवें धरलें, आणि मनांत शंभर मोजण्यापूर्वींच खालीं ठेवलें. तेव्हां कोष्टकाची घडी करून खिशांत टाकावी लागली.

येथवर यंत्राची निवड म्हणजे यंत्रायंत्रांतील निवड, असेंच आम्ही समजत होतों. परंतु तीन गोष्टींनीं विचाराची दिशा फिरली.

पहिली गोष्ट विजेच्या तारेची. एका दुकानदारानें आम्हांस निःशंकपणें सांगितलें कीं, यंत्र बॅटरीचें आहे, तेव्हां विजेचा धक्का लागण्याचें कारणच नाहीं. हें बोलणें फार घातक आहे, म्हणून येथें मुद्दाम नमूद करतों. बॅटरी धक्का देणार नाहीं हें खरें. परंतु वरच्या तारेंतील वीज यंत्राच्या धातूच्या दांड्यांतून कापणाऱ्याच्या शरीरांत उतरून जमिनींत जाते, तिला बॅटरीची गरज नसते. या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत वरच्या विजेच्या तारांपासून कोठें १० तर कोठें १५ मीटर दूर राहावें असें स्पष्ट बजावलेलें असतें. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. सूनबाईंनीं फीत घेऊन मोजलें, तेव्हां पश्चिमेचें सारें कुंपण तर बाद झालेंच, पण दक्षिणेच्या नव्वद फुटांपैकीं बोळाकडचे तेहतीस फूटही बाद झाले. ज्या कोपऱ्यासाठीं लांब दांडा हवा असें वाटत होतें, नेमक्या त्याच कोपऱ्यांत तो उचलतां येणार नव्हता.

दुसरी गोष्ट शेराची. शेराचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते व कांहीं काळ दृष्टीही जाऊं शकते, हें आमच्या भागांतील जुन्या माणसांस ठाऊक आहे. छातीइतक्या उंचीवर कापतांना चीक खालीं पडतो; डोक्यावर कापतांना तो तोंडावर पडतो. शिवाय वेगानें चालणारें पातें तो उडवितें. तेव्हां शेराचें कुंपण डोक्याच्या वर जाऊं देणें हीच मुळांत जोखीम होती. यंत्र कोणतेंही असो.

तिसरी गोष्ट मेंदीच्या खोडांची. घरगुती यंत्राच्या दांत्यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीपर्यंतची फांदी येते. नऊ फुटांपर्यंत गेलेल्या आमच्या मेंदीच्या आंतल्या फांद्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या. यंत्र कोंवळी वाढ कापून कुंपण राखूं शकतें; वाढलेलें कुंपण उतरवूं शकत नाहीं. उतरविण्यास करवत व कोयताच पाहिजे, आणि तें काम एकदां जाणत्या माणसाकडून करून घ्यावें लागतें.

तेव्हां प्रश्न उलटा झाला. नऊ फूट कुंपणास केवढें यंत्र लागेल, असें न विचारतां, जमिनीवर उभें राहून घरच्या माणसास झेपेल अशा यंत्रानें किती उंच कुंपण राखतां येईल, असें विचारावें लागलें. दोन हात लांबीचें अंथरूण असतां तीन हात पाय पसरण्याचा हा प्रकार आम्ही इतकीं वर्षें शिडीच्या आधारानें चालविला होता.

कुंपण उतरविण्यास वहिनींचा विरोध होता, व तो अकारण नव्हता. दक्षिणेकडील खिडक्यांची नजर अंगणावर, तुळशीवृंदावनावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते; स्त्रियांना घरांत मोकळेपणीं वावरतां आलें पाहिजे. यावर वाद घालण्याऐवजीं सूनबाईंनीं एक साधा प्रयोग केला. एक काठी सात फुटांवर खूण करून कुंपणाशीं उभी केली, आणि इमारतीच्या आवारांतून, मग पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून, मग दुसऱ्यावरून पाहिलें. आवारांत चालणाऱ्या माणसास सात फुटांचें कुंपणही पुरेपूर आड येतें. त्याचे डोळे जमिनीपासून पांच फुटांवर असतात. आणि वरच्या मजल्यांवरून नऊ फुटांचें कुंपणही आड येत नाहीं. म्हणजे सात आणि नऊ यांमधील दोन फूट कोणापासूनही रक्षण करीत नव्हते. फक्त दादांना शिडीवर चढवीत होते. शिवाय मार्गशीर्ष-पौषांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि नऊ फूट उंचीची सावली भर दुपारींही आठ फूट आंत येते. तिच्याखालीं मेथीचा वाफा दर वर्षीं पिवळा पडे. कुंपणानेंच शेत खाल्लें, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत होतों. ती आमच्याच परसांत लिहून ठेवलेली असेल असें वाटलें नव्हतें. वहिनींनीं तो प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिला, आणि मग संमति दिली.

कुंपण म्हणजे एकदां लावून मोकळें होण्याची वस्तु नव्हे, याचा मोठा दाखला आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. मिठावरील जकात चुकवून मीठ पलीकडे जाऊं नये म्हणून ब्रिटिश सरकारनें गेल्यापूर्वीच्या शतकांत सिंधु नदीच्या बाजूपासून महानदीच्या दिशेनें दोन हजार मैलांहून अधिक लांबीची जकातीची सीमा आंखली होती, व तिच्या बऱ्याच भागावर बोर, बाभूळ, करवंद, थोर, निवडुंग यांचें जिवंत कुंपण वाढविलें होतें. १८६७ पासून १८७० पर्यंत त्या खात्याचे आयुक्त ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम होते. यांनींच पुढें १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. तें कुंपण ठिकठिकाणीं बारा फूट उंच होतें, आणि त्या सीमेवर बारा हजारांच्या आसपास माणसें राबत होतीं. १८७९ सालीं सीमा रद्द झाली, माणसें गेलीं, आणि पाठोपाठ कुंपणही गेलें. आज त्याचा मागमूस क्वचितच सांपडतो. जितके हात, तितकेंच कुंपण. सरकारास जो नियम चुकला नाहीं, तो गृहस्थास कोठून चुकणार?

अखेरीस झालेली व्यवस्था अशी. ज्येष्ठांत, पावसाच्या तोंडावर, एका जाणत्या माणसाकडून दक्षिणेची मेंदी करवतीनें उतरविली. आंत बुलबुलाचें किंवा शिंप्याचें घरटें नाहीं हें आधीं पाहून घेतलें. मेंदी कठोर छाटणी सोसते, आणि पहिल्या पावसाबरोबर तिला सर्वांगानें धुमारे फुटतात. पूर्वेकडील सत्तावन्न फूट सात फुटांवर ठेवले. खालीं तीन फूट व माथ्यावर दोन फूट रुंदी, म्हणजे ऊन बुडापर्यंत पोंचतें व कुंपण खालून उघडें पडत नाहीं. तारेजवळचे तेहतीस फूट छातीच्या उंचीवर आणले, आणि तेथें बांबूच्या ताट्या लावून घोसाळ्याचा वेल सोडला. वेलास कातरी लागत नाहीं, हात पुरतो. वहिनींची कपड्यांची दोरी तेथून पुढें सरकली. पश्चिमेच्या शेरासाठीं महावितरणच्या कार्यालयांत अर्ज दिला, आणि पुरवठा बंद असतांना तो छातीइतका उतरवून घेतला. आतां तो साध्या कातरीनें, डोळ्यांवर चष्मा लावून, खालच्या खालीं कापला जातो.

यंत्र घेतलें तें बॅटरीचें, आखूड दांड्याचें; पात्यासकट साडेसहा फुटांचें, अठरा इंच पात्याचें. दुकानांतील सर्वांत लांब तें नव्हे, आणि सर्वांत स्वस्तही नव्हे. परंतु दादांनीं हातांत धरून पाहिलेल्या सर्व यंत्रांत तेंच एक असें होतें कीं तें धरून त्यांना बोलतां येत होतें. आमच्या मतें ही कसोटी कोणत्याही कोष्टकाहून बरी. आठ-दहा मिनिटें सहज धरवेल तें आपलें यंत्र; दांत-ओठ आवळून धरावें लागेल तें माळ्याचें.

राखणीसंबंधीं थोडें सांगणें अवश्य आहे. आमच्याकडील हवेंत खारटपणा आहे. समुद्र दूर नाहीं. काम झाल्यावर पात्यावरील चीक पुसून तेलाचा हात फिरविला नाहीं, तर एका पावसाळ्यांत तें गंजून अडखळूं लागतें. बॅटरी काढल्यावांचून पात्यास बोट लावूं नये. बॅटरी उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवूं नये. बरेच दिवस वापर नसेल तेव्हां ती अर्धवट भरून थंड, कोरड्या जागीं ठेवावी. यंत्र चालू असतां मुलांनीं निदान पांच-सात पावलें दूर राहावें. आणि कापणारानें डोळ्यांवर चष्मा व पायांत बूट घालावे. दादा इतकीं वर्षें अनवाणी कापीत. बूट घालण्याची अट त्यांनीं नातवाच्या सांगण्यावरून मान्य केली, आमच्या नव्हे.

या पावसाळ्यांत कुंपण तीनदां कापलें गेलें. दादा रोज सकाळीं दहा मिनिटें यंत्र धरतात, चौथ्या-पांचव्या दिवशीं मेंदीची बाजू संपते, मग दोन दिवस साधी कातरी घेऊन कोपरे नीट करतात. सुतळी अजून लागते. यंत्रानें वेग येतो, सरळपणा येत नाहीं. त्यांच्या मागून पुतण्या कापलेलें गोळा करतो, आणि केव्हां केव्हां उरलेला भाग कापण्यास त्याला यंत्र मिळतें. शिकविणें असें चालू आहे. परवां दादा आपण होऊन म्हणाले, "पुढच्या ज्येष्ठांत आणखी अर्धा फूट उतरवूं. माझे हात काय, दर वर्षीं थोडे खालींच येणार." हें त्यांनीं इतक्या सहजपणें म्हटलें कीं त्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं, सूनबाईंनीं मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तशी नोंद करून ठेवली.

ज्यांना असें यंत्र घ्यावयाचें असेल त्यांनीं दुकानाची वाट धरण्यापूर्वीं एक फीत व एक काठी घेऊन बागेंत जावें. तार किती दूर आहे, नजर कोठून येते, खोड किती जाड आहे, आणि घरांतील कोणाचे हात हें काम करूं इच्छितात, हें आधीं पाहावें. कुंपणाची उंची या चार गोष्टींवरून ठरवावी. दांड्याची लांबी मग दुकानदारास विचारण्याचें कारण उरत नाहीं.